पिवळ्या दगडांचे बेट

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात प्रवाळभित्तींचा पाठ चालला असता मी सहज बोलून गेले की, जगात असे एक बेट आहे, जेथे समुद्राच्या तळाशी उतरावयाचे तर आधी शुल्क भरावे लागते, हातात मोजे घालता येत नाहीत आणि प्रवाळांवर होडीचा नांगर टाकता येत नाही. वर्गात हशा पिकला. परंतु मागच्या बाकावरील एक विद्यार्थी हसला नाही. त्याचे वडील रापण ओढणारे. तो उभा राहून म्हणाला, "बाई, समुद्राला कुंपण कोण घालणार? आणि घातलेच, तर आमच्या बाबांनी जाळे कुठे टाकायचे?" इतक्यात तास संपल्याची घंटा झाली आणि उत्तर तसेच राहिले. वार्षिकांकासाठी लेख लिहावयास बसताना तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. म्हणून त्या बेटाची हकीगत येथे सविस्तर सांगण्याचे योजिले आहे. प्रस्तुत लेखिका स्वतः पाणबुडी नाही, हे आधीच सांगितलेले बरे; जे लिहिले आहे ते वाचनाच्या आधारे.

बेट आणि त्याची माणसे

या बेटाचे नाव बोनेर. नकाशात दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकावर व्हेनेझुएला हा देश शोधावा आणि तेथून कॅरिबियन समुद्रात साधारणतः ८० किलोमीटर उत्तरेस दृष्टी न्यावी. सुमारे २८८ चौरस किलोमीटरांचे हे चिंचोळे बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस १२ अंशांवर आहे. म्हणजे अक्षांशाने ते आपल्या गोव्याहूनही दक्षिणेकडे. तथापि आपल्यासारखी हिरवीगार झाडी व धुवाधार पाऊस तेथे मुळीच नाही. पाऊस थोडा, नदी एकही नाही आणि जिकडेतिकडे उंचच उंच निवडुंग. स्पॅनिश लोक १४९९ मध्ये तेथे पोहोचले. १६३६ मध्ये बेट डचांच्या हाती गेले. १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सचाच एक विशेष प्रशासकीय भाग म्हणून गणले जाते.

तेथील लोकांची घरची भाषा पापियामेंटू. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून ती घडली. पायताणाला ते लोक 'सपातू' म्हणतात. आमच्या कोंकणीत 'सपात' म्हणतात. एकाच पोर्तुगीज शब्दाची ही दोन नातवंडे पृथ्वीच्या दोन बाजूंना नांदत आहेत, हे पाहून कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही.

बेटाच्या दक्षिण भागात विस्तीर्ण मिठागरे आहेत. गोव्यातील मुलांना मिठागर काय हे सांगावयास नको. परंतु तेथील मिठाचा इतिहास मात्र खारट अश्रूंचा आहे. डच अमलात गुलामांकडून हे मीठ काढून घेतले जाई. १८५० मध्ये त्यांच्या निवाऱ्यासाठी किनाऱ्यावर बांधलेल्या दगडी खोपट्या आजही उभ्या आहेत. त्यांची दारे इतकी ठेंगणी की मोठ्या माणसास वाकून आत शिरावे लागते. १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी कायद्याने बंद झाली. आज त्या खोपट्यांच्या समोरच जगभरचे पाणबुडे समुद्रात उतरतात. सौंदर्य आणि दुःख यांचा इतका निकटचा शेजार इतरत्र क्वचितच आढळेल.

पाणी इतके निर्मळ का?

बोनेरच्या पाण्यात तीस-तीस मीटरांपर्यंत स्वच्छ दिसते. याची कारणे भूगोलाच्या विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढण्यासारखी आहेत. पहिले कारण असे की, बेटावर नदी नसल्यामुळे गाळ वाहून समुद्रात येत नाही. दुसरे कारण व्यापारी वारे. हे वारे बाराही महिने पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळत असतात, पण पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशास राहून तळ्यासारखा शांत असतो. तिसरे म्हणजे, कॅरिबियन समुद्रातील चक्रीवादळांचा नेहमीचा मार्ग या बेटाच्या उत्तरेकडून जातो. पाण्याचे तापमान वर्षभर साधारण २६ ते २९ अंश सेल्सियस असते. प्रवाळांना हवे तरी काय? ऊन, ऊब आणि निर्मळ पाणी. तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

प्रवाळ म्हणजे आपण ज्याला पोवळे म्हणतो त्याचेच कुळ. दगडासारखा दिसणारा हा पदार्थ असंख्य इवल्याशा प्राण्यांची वसाहत आहे. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते; ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानास देते. म्हणजे भाडेकरूच घरमालकास जेवू घालतो! बोनेरला ही प्रवाळभित्ती किनाऱ्यापासून इतकी जवळ आहे की होडीची गरजच पडत नाही. थोडे पोहून गेले की खाली उथळ पायरी लागते आणि तेथून उतार तीस मीटर व त्याहूनही खाली जातो. राजधानीचे नाव क्रालेनडाइक; मूळ डच शब्दाचा अर्थ 'प्रवाळाचा बांध' असाच आहे.

पाण्याखाली श्वास कसा घेतात?

सामान्य मनुष्य श्वास रोखून फार तर दोन-तीन मिनिटे बुडी मारू शकतो. पाठीवर दाबलेल्या हवेचे नळकांडे बांधून मोकळेपणी फिरण्याची सोय १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाली. नौदलातील अधिकारी जाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ या दोघांनी अशी एक झडप तयार केली की, पाणबुड्याने श्वास ओढताच त्याला त्या खोलीवरील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळावी. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी लाकडाच्या वायूवर चालवीत. त्या वायूचे नियमन करणाऱ्या झडपेवरून ही कल्पना सुचली होती. या साधनाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून 'स्कूबा' हा शब्द बनला.

आता दाबाचे गणित पाहा. समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीला आणखी एक वातावरणाची भर पडते. म्हणजे तीस मीटरांवर चौपट दाब झाला. अर्थातच तेथे प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते. जे नळकांडे पृष्ठभागाजवळ एक तास पुरेल ते तीस मीटरांवर पाव तासात रिकामे होईल. वर येताना दाब कमी होऊन फुप्फुसातील हवा फुगते. म्हणून पाणबुड्याचा पहिला नियम हा की, श्वास कधीही रोखून धरू नये. दुसरा धोका नत्रवायूचा. दाबाखाली तो रक्तात व शरीरात अधिक विरघळतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याच्या बाटलीचे बूच उडविल्यावर जसे बुडबुडे येतात तसे शरीरात बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. यावर ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये सुरक्षितपणे वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आजही पाणबुडे सावकाश वर येतात व पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबतात. नवशिक्यास १८ मीटरांची आणि हौशी पाणबुड्यास साधारणतः ४० मीटरांची मर्यादा असते.

आणखी एक गंमत. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा रंग प्रथम शोषून घेते. म्हणून खोल पाण्यात बोट कापले तर रक्त लाल न दिसता हिरवट-काळसर दिसते. दिवा लावला की मात्र निळसर भासणारा खडक एकदम शेंदरी, जांभळा, पिवळा होऊन उठतो.

पाण्यातील पाच ठिकाणे

बोनेर व त्याच्या कुशीतील क्लाइन बोनेर या निर्मनुष्य बेटाभोवती पाण्यात उतरण्याची ८० हून अधिक ठिकाणे ठरविलेली आहेत. किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना ठिकठिकाणी पिवळ्या रंगाने रंगविलेले दगड दिसतात. त्यांवर त्या त्या ठिकाणाचे नाव लिहिलेले असते. गाडी उभी करावी, साज चढवावा आणि पाण्यात चालत जावे. त्यांतील काहींची ओळख करून घेऊ.

पहिले 'हजार पायऱ्या'. उत्तरेकडील चुनखडीच्या कड्यावरून समुद्राकडे उतरणाऱ्या या पायऱ्या प्रत्यक्षात शंभरही नाहीत. परंतु पाठीवर जड नळकांडे घेऊन त्या चढताना हजार वाटतात, म्हणून हे नाव! खाली मोठाल्या प्रवाळांचे डोंगर असून कासवांची तेथे ये-जा असते.

दुसरे मिठाचा धक्का. मिठागरातील शुभ्र राशींवरून सरकत्या पट्ट्याने मीठ थेट जहाजात पडते. या धक्क्याचे खांब पाण्याखाली स्पंजांनी व प्रवाळांनी मढून गेले आहेत आणि त्यांच्यामधून माशांचे थवे मंदिराच्या खांबांतून भाविकांनी फिरावे तसे फिरतात. जहाज लागलेले असताना मात्र तेथे उतरण्यास मनाई आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे एक बुडालेले जहाज, 'हिल्मा हूकर'. सुमारे ७२ मीटर लांबीचे हे मालवाहू जहाज १९८४ मध्ये यंत्र बिघडल्यामुळे बोनेरच्या धक्क्यास आणण्यात आले. तपासणीत एका खोट्या भिंतीआड अकरा हजार किलोग्रॅमच्या आसपास गांजा सापडला. जहाजाचा मालक काही पुढे आला नाही. गळक्या जहाजातील पाणी उपसून उपसून लोक थकले. अखेर ते धक्क्यावरून हलवून दूर नांगरण्यात आले आणि १२ सप्टेंबर १९८४ रोजी बुडाले. सुदैव असे की, ते दोन प्रवाळभित्तींच्या मधल्या वाळूत, तीस मीटरांच्या सुमारास उजव्या कुशीवर जाऊन पडले. चोरट्यांचे जहाज आज माशांचे घर झाले आहे.

चौथे, शहराचा जुना धक्का. येथे रात्री उतरतात, आणि तेही परवानगी घेऊनच. दिवसा मिटलेली नारिंगी प्रवाळफुले अंधार पडताच उमलतात.

पाचवे, क्लाइन बोनेरचा किनारा. तेथील वाळूत समुद्रकासवे अंडी घालतात. हे बेट एके काळी खाजगी मालकीचे होते व तेथे इमारती उठण्याचे भय होते. १९९९ मध्ये ते विकत घेऊन सार्वजनिक करण्यात आले आणि २००१ मध्ये संरक्षित क्षेत्रात सामील झाले.

कुंपण कसे घातले गेले

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे कुंपण एका दिवसात पडले नाही. १९६१ मध्ये कासवांची अंडी व घरटी यांना कायद्याने संरक्षण मिळाले. १९६२ मध्ये डॉन स्टुअर्ट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ शिडाचे जहाज घेऊन बोनेरला आले व तेथेच राहिले. आरंभी तेही भाल्याने मासे मारीत व शोभेचे मासे पकडीत. पुढे, आपण जे पाहावयास लोकांना बोलावितो तेच आपल्या हातांनी संपवितो आहोत, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली असावी. भाल्याच्या शिकारीविरुद्ध आणि नांगराऐवजी कायमचे बोये बसविण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. पाण्याखालील अनेक स्थळांची नावेही त्यांनीच ठेविली. २०१४ मध्ये ते निवर्तले.

१९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यास बंदी झाली. १९७५ मध्ये प्रवाळ, मग ते जिवंत असो वा मृत, तोडण्यास व नेण्यास मनाई झाली. १९७९ मध्ये भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा बेटाभोवतालचा सारा समुद्र 'सागरी उद्यान' म्हणून घोषित झाला. परंतु कायदा कागदावर लिहिणे निराळे आणि तो चालविणे निराळे! आरंभीची देणगी संपताच उद्यानाचे काम थंडावले. कित्येक वर्षे ते केवळ नावापुरते उरले. मग १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षास १० डॉलर घेण्याची पद्धत सुरू झाली. अशाने पाहुणे येणार नाहीत अशी भीती काहींना वाटली होती. पाहुणे आलेच, आणि पुढे ते शुल्क वाढविल्यावरही येत राहिले. त्या पैशातून पहारेकऱ्यांचे पगार, बोयांची डागडुजी व शाळेतील मुलांचे सागरशिक्षण चालते. मोजे घालण्यास मनाई का, असे पुष्कळजण विचारतात. उघड्या हाताने कोणी प्रवाळ धरीत नाही. मोज्याच्या हाताने मात्र सहज धरतो, हे त्याचे कारण होय.

मासेमारांचे काय झाले? गळाने व दोरीने मासे धरण्याची परंपरागत रीत बंद करण्यात आली नाही. २००८ मध्ये शहराजवळचे दोन लहान पट्टे मात्र मासेमारीस पूर्ण बंद करण्यात आले, जेणेकरून तेथे माशांची वीण वाढावी व त्यांचा प्रसार बाहेरही व्हावा. २०१० मध्ये पोपटमासा पकडण्यास बंदी झाली. हा मासा आपल्या चोचीने खडकावरील शैवाल खरवडून खातो. तो नसला तर शैवाल प्रवाळाचा श्वास कोंडते.

नियमालाही विचारपूर्वक अपवाद करावा लागतो, याचे एक उदाहरण मोठे बोधप्रद आहे. आपल्या हिंदी महासागरात व प्रशांत महासागरात राहणारा विषारी काट्यांचा सिंहमासा माणसाच्या निष्काळजीपणामुळे अटलांटिकमध्ये शिरला. २००९ मध्ये तो बोनेरला प्रथम दिसला. तेथे त्याला खाणारे कोणी नाही आणि तो मात्र लहान मासे मटकावीत सुटला. तेव्हा ज्या बेटाने १९७१ मध्ये भाला खाली ठेवला होता, त्यानेच प्रशिक्षित पाणबुड्यांच्या हाती केवळ या एका माशासाठी पुन्हा भाला दिला.

कुंपणापलीकडचे शत्रू

इतके करूनही बोनेरचे प्रवाळ सुखरूप आहेत असे म्हणता येणार नाही. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत एका रोगाने शिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ कॅरिबियनभर मारले. १९८३-८४ मध्ये शैवाल खाणारे लांब काळ्या काट्यांचे समुद्रसाळू एका साथीत जवळजवळ नाहीसे झाले. १९९९ च्या नोव्हेंबरात 'लेनी' हे वादळ नेहमीच्या उलट दिशेने, पश्चिमेकडून आले आणि त्याच्या लाटांनी शांत किनाऱ्यावरचा उथळ भाग उद्ध्वस्त केला. २०१० मध्ये, आणि पुढे २०२३ मध्ये तर फारच तीव्रतेने, पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी अंशभर जरी काही आठवडे अधिक तापले, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो. अन्नदाता भाडेकरू गेला की यजमान उपाशी राहतो.

त्याच २०२३ मध्ये दगडी प्रवाळाचे ऊतक नष्ट करणारा रोग बोनेरला पोहोचला. हा रोग प्रथम २०१४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आढळला होता. शतके लागून वाढलेला प्रवाळ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पांढरा सांगाडा होऊन राहतो. लागण दिसताच काही ठिकाणे पाणबुड्यांसाठी बंद करण्यात आली. पाणबुड्यांना आपली साधने जंतुनाशकाने धुण्यास सांगण्यात आले. मौल्यवान प्रवाळांच्या जखमांवर औषधाचा लेप लावण्यासाठी माणसे पाण्याखाली उतरली. एखाद्या वृद्ध आप्ताच्या जखमेस मलम लावावे तसे समुद्राच्या तळाशी दगडाला मलम लावणारी ही माणसे डोळ्यांपुढे आणा! त्यांच्या श्रमांनी सर्व प्रवाळ वाचतील अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. तरीही ती उतरतात.

शत्रू जमिनीवरूनही येतो. मोकाट शेळ्या झाडोरा खातात, उघडी पडलेली माती पावसाबरोबर समुद्रात जाते आणि प्रवाळावर बसते. म्हणजे समुद्राची राखण करावयाची तर प्रथम टेकडीवरच्या शेळीला आवरावयास हवे.

प्रश्नाचे उत्तर

त्या विद्यार्थ्यास आता माझे उत्तर असे आहे. बाळ, समुद्राला कुंपण दगडविटांचे नसते. ते माणसांच्या आपसातील वचनाचे असते. असे वचन मासेमारांना विचारल्यावाचून घेतले तर ते टिकत नाही. आपल्या जवळचेच उदाहरण घे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. परंतु आपला व्यवसाय जाईल या भयाने तेथील मच्छिमारांनी त्यास विरोध केला. तो विरोध अडाणीपणाचा म्हणून मोडीत काढणे योग्य नाही. जो समुद्रावर पोट भरतो त्याच्याइतके समुद्राचे ज्ञान कोणास असणार? तुझ्या वडिलांना कोणत्या महिन्यात कोठे मासळी विते हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. कुंपण घालणाऱ्यांच्या बैठकीत पहिली खुर्ची त्यांची असली पाहिजे.

दुसरे असे की, खर्च पाहणाऱ्याने सोसावा. केवळ राबणाऱ्याच्या पदरी तो पडू नये. बोनेरने हे दहा डॉलरांनी दाखवून दिले. आणि तिसरे, जे कुंपणाने अडत नाही ते तापलेले पाणी. त्यास एकटे बोनेर जबाबदार नाही व एकटे बोनेर ते थांबवूही शकत नाही. त्याचा दोष जगभरच्या चिमण्यांचा आणि गाड्यांचा आहे. त्यात आपलाही वाटा आहे.

मुरगावच्या समोर ग्रांदी बेटाजवळ आता आपल्याकडेही लोक नळकांडे बांधून पाण्यात उतरतात. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे उतरेल, कोणी त्यांना नेणारी होडी चालवील, तर कोणी जाळे टाकील. तिघांनीही एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: नांगर टाकण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहावे.